आधी वही, मग कर्ज

(बिलोली परिसरातील बचत गटांतल्या महिलांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

तूर घरात आली. हरभरा काढणीला आला. धर्माबादच्या बाजारात लाल मिरचीची पोती उतरायला लागली. आता ऊन तापलं की तिखट, हळद, पापड, कुरड्या, शेवया यांचे दिवस. याच दिवसांत गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मला या महिन्यात कर्ज लागतंय." कशाला, म्हणून विचारलं की उत्तर येतं, "धंद्याला." मग पुढं कुणी काही विचारत नाही. विचारलं तर तिला राग येईल, आणि पुढच्या महिन्यात आपलाही नंबर आहेच. ठराव लिहिला जातो, सह्या होतात, पैसे हातात पडतात.

आज मला बोलायचं आहे ते त्या न विचारलेल्या प्रश्नांबद्दल. मी बरीच वर्षं गटांच्या बैठकांना बसते, वह्या तपासते. कर्ज बुडवायचं म्हणून घेणारी बाई मला क्वचितच दिसली. दिसल्या त्या मजुरीच्या पैशातून धंद्याचा हप्ता भरणाऱ्या बाया. शिलाई मशीन कोपऱ्यात कापडाखाली झाकलेलं, आणि बाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. गटाच्या वहीत मात्र तिच्या नावापुढं 'परतफेड नियमित' असं लिहिलेलं. वहीतला आकडा खरा असतो, पण तिची ओढाताण त्या वहीत दिसत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. धंद्याचं कर्ज द्यायच्या आधी त्या धंद्याचा हिशोब वहीत मांडला पाहिजे. आणि तो मांडायला शिकवणं हे गटाचंच काम आहे. प्रशिक्षण वेगळं आणि कर्ज वेगळं, असं ठेवलं की दोन्ही वाया जातात.

कुणी म्हणेल, ताई, आम्हाला कुठं लिहिता येतं? त्यांच्यासाठी म्हसवडच्या बायांची गोष्ट सांगते. सातारा जिल्ह्यातला माण तालुका म्हणजे आपल्यापेक्षाही कोरडा, दुष्काळी भाग. तिथं रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या, लोहारकाम करणाऱ्या एका बाईला बँकेत पैसे साठवायचे होते. पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा, एवढंच तिचं स्वप्न. बँकांनी तिचं खातं उघडलं नाही. एवढ्या बारक्या रकमेसाठी खातं कोण सांभाळणार, असं त्यांचं म्हणणं. ही गोष्ट चेतना सिन्हा यांच्या कानावर आली. त्या मुंबईच्या, लग्न करून म्हसवडला आलेल्या. त्यांनी ठरवलं, बँका खातं उघडत नसतील तर बायांनी आपलीच बँक काढायची.

रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला. पहिला अर्ज नामंजूर झाला. कारण काय, तर बँक काढणाऱ्या सभासद बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं, कागदावर अंगठे होते. बाया खचल्या नाहीत. त्यांनी गावात साक्षरतेचे वर्ग सुरू केले, अक्षरं गिरवली आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या. अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितलं की आम्ही लहान असताना आमच्या गावात शाळा नव्हती, म्हणून आम्हाला लिहिता येत नाही. पण हिशोब येतो. मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी सांगतो. आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही मशीन न घेता तेच करायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. पुढं त्यांच्या लक्षात आलं की नुसतं खातं आणि कर्ज देऊन भागत नाही, धंदा करायलाही शिकवावं लागतं. मग त्यांनी बायांसाठी उद्योगाची शाळा काढली. ती बसमध्ये बसवून गावोगाव फिरवली. आपल्यासारखं सामुदायिक रेडिओ केंद्रही त्यांनी चालवलं.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. एक, लिहिता न येणारी बाई हिशोबात कच्ची असते असं नाही. बाजारात शेरभर भाजी विकणारी मावशी सुट्या पैशांत कधी चुकत नाही. तिनं तोंडी सांगावं, गटातल्या शिकलेल्या सुनेनं लिहावं. दुसरी गोष्ट, ज्यांनी बँक काढली त्यांनाही कर्जासोबत प्रशिक्षण द्यावं लागलं.

आता हिशोब कसा मांडायचा, ते एका उदाहरणानं बघू. यातले भाव मी समजायला सोपे घेतले आहेत. तुम्ही तुमच्या बाजाराचे भाव घालून बघा.

समजा, एका ताईनं गटातून ४,००० रुपये घेतले आणि २०० रुपये किलोनं २० किलो मिरची आणली. देठ काढले, वाळवली, कांडपावर नेली. तिखट पडलं १७ किलो. ते तिनं ३२० रुपये किलोनं विकलं. आले ५,४४० रुपये. ताई खूश. चार हजार घातले, चौदाशे चाळीस सुटले!

पण थांबा. कांडपाचे किलोला २० रुपये धरले तर ३४० गेले. पिशव्या आणि लेबल २०० रुपये. आठवडी बाजाराला जाण्या-येण्याचं भाडं आणि जागेची पावती मिळून १६०. म्हणजे एकूण खर्च ४,७००. शिल्लक राहिली ७४०. पैसा सुटायला दोन महिने लागले, त्याचं गटाचं शेकडा दोननं व्याज १६०. आता राहिले ५८०. आणि देठ काढणं, वाळवणं, दळून आणणं, बाजारात बसणं यात तिचे चार दिवस गेले. ५८० भागिले चार, म्हणजे दिवसाला १४५ रुपये. शेतातल्या मजुरीशी ताडून बघा.

एवढ्यावर थांबत नाही. बाजारात नात्यातली बाई भेटली, शेजारीण भेटली. "पैसे सोमवारी देते," म्हणाल्या. तीन किलो तिखट उधार गेलं. त्याचे ९६० रुपये. ते आलेच नाहीत तर ताईचा धंदा तोट्यात गेला, ३८० रुपयांनी. गटाचा हप्ता मात्र भरायचाच आहे. तो येतो मजुरीतून. कोपऱ्यात झाकलेल्या त्या शिलाई मशीनची कहाणीही अशीच घडते.

मग हा धंदा करूच नये का? करावा. पण हाच हिशोब आधी मांडला असता तर काय दिसलं असतं, ते बघा. पाच जणींनी मिळून १०० किलो मिरची एकदम घेतली आणि किलोमागं २० रुपये कमी पडले, तर प्रत्येकीचे ४०० वाचतात. तिखट चांगलं, देठ काढलेलं, स्वच्छ पिशवीत आहे म्हणून किलोला २० रुपये जास्त घेतले, तर आणखी ३४० येतात. ५८० चे १,३२० झाले. दिवसाला ३३० पडले. उधारी बंद ठेवली तर हे पैसे हातात राहतात. ताई तीच, मिरची तीच, चार दिवसांचे कष्टही तेवढेच. फरक पडला तो मिळून खरेदी करण्यानं, भाव विचार करून ठरवण्यानं आणि उधारीला नाही म्हणण्यानं.

उधारीला नाही म्हणणं सगळ्यात अवघड, हे मलाही माहीत आहे. नातं तुटतं असं वाटतं. त्याला गटाचाच आधार घ्या. "गटाचा माल आहे बाई, मला एकटीला देता येत नाही," असं सांगितलं की समोरची समजून घेते.

आता व्याजाकडे वळू. कारण हिशोबातली सगळ्यात मोठी फसगत इथं होते. आपण गटाचं शेकडा दोन रुपये व्याज ऐकतो आणि दारात येणारा कुणी म्हणतो, "आमचं तर फक्त शेकडा एक." आपल्याला वाटतं, निम्मंच की! आता बघा. १२,००० रुपये कर्ज, महिन्याला १,००० मुद्दल, बारा महिन्यांत फेड. गटात व्याज घटत्या शिलकीवर लागतं. पहिल्या महिन्यात १२,००० वर, दुसऱ्यात ११,००० वर, तिसऱ्यात १०,००० वर. शेकडा दोननं वर्षाचं सगळं व्याज होतं १,५६० रुपये. त्या 'शेकडा एक'वाल्यानं मात्र बाराही महिने पूर्ण १२,००० वर व्याज लावलं. त्याचे झाले १,४४०. वर फॉर्मचे पैसे, विम्याचे पैसे आधीच कापून घेतले असतील तर तो गटापेक्षा महाग पडला. म्हणून टक्का विचारू नका. "सगळे मिळून एकूण किती रुपये भरायचे?" एवढंच विचारा.

आणि गटाला दिलेलं व्याज कुठं जातं? गटातच राहतं. बारा जणींनी महिना १०० रुपये बचत केली तर वर्षाला १४,४०० होतात, तीन वर्षांत ४३,२००. त्यावर आलेलं व्याज बारा जणींचंच. बाहेर भरलेलं व्याज गावाबाहेर गेलं, ते परत येत नाही.

गटाच्या पैशाचा आणखी एक मोठा फायदा आहे, तो आपण वापरतच नाही. हप्ता कसा ठेवायचा, हे आपण ठरवू शकतो. एखादी ताई म्हणते, मला शेळ्या घ्यायच्या. आपली उस्मानाबादी शेळी चांगली, इथल्या हवामानाची, जुळी करडंही देते. पण शेळी पाच महिने गाभण राहते. करडू विकण्याजोगं व्हायला पुढं सहा-आठ महिने जातात. म्हणजे पैसा हातात यायला जवळपास वर्ष लागतं. आणि आपण हप्ता चालू करतो पहिल्याच महिन्यापासून! तो हप्ता ती कुठून भरणार? मजुरीतून, नाहीतर शेळी विकून. पोळ्याच्या आधीच शेळी बाजारात जाते आणि आपण म्हणतो, हिला धंदा जमला नाही.

त्यापेक्षा गटानं ठरवावं: शेळीच्या कर्जाला सुरुवातीचे काही महिने नुसतं व्याज, करडं विकली की मुद्दल. तिखट-पापडाचं कर्ज तीन महिन्यांचं, कारण पैसा लवकर फिरतो. शिलाई मशीनला बारीक हप्ता, पण दर महिन्याला, कारण तिथं पैसा रोज थोडा थोडा येतो. पैसा ज्या चालीनं येतो, त्या चालीनं हप्ता. बँकेला हे प्रत्येकीसाठी करणं जमत नाही. आपल्या गटाला जमतं, कारण कुणाची शेळी कधी व्याली हे आपल्याला न विचारताच कळतं.

शेळीचा विषय निघालाच आहे तर सांगते. कर्ज देताना पशुसखीला बैठकीत बोलवा. पावसाळ्याच्या आधी आंत्रविषाराची लस, पीपीआरची लस, जंताचं औषध आणि शेळीचा विमा, हे खर्च कर्जाच्या रकमेतच धरा. एका पावसात दोन शेळ्या दगावल्या तर सगळा हिशोब मोडतो.

इथं प्रशिक्षणाचं बोलू. आपल्याकडे प्रशिक्षणं पुष्कळ होतात. फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळतं, ते कपाटात जातं. प्रशिक्षण कशाला म्हणायचं, हे मला लातूर-उस्मानाबादच्या बायांकडे बघून उमगलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसं गेली, गावंच्या गावं पडली. नंतर घरांच्या दुरुस्तीचं काम निघालं, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं महिला मंडळांच्या बाया गावोगाव 'संवाद सहायक' झाल्या. ज्या बायांनी कधी चावडीची पायरी चढली नव्हती, त्या सिमेंटची पोती मोजायला लागल्या, भिंत कशी बांधली तर टिकते हे समजून घ्यायला लागल्या, घरमालकाला अनुदानाचा हप्ता कधी मिळणार ते सांगायला लागल्या. हे त्यांना शिकवलं कामानं, आणि एका गावच्या बाईनं दुसऱ्या गावच्या बाईला. घरांचं काम संपलं, पण बाया घरी बसल्या नाहीत. त्यांनी बचत गट केले, देवघेव सुरू केली, धंदे उभे केले. २००१ मध्ये गुजरातेत भुजला भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बाया तिकडच्या बायांना धीर द्यायला आणि शिकवायला गेल्या.

मैत्रिणींनो, खेड्यातली बाई दुसऱ्या बाईच्या अंगणात बसून जे शिकते, ते टिकतं. म्हणून तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात जिचा धंदा तीन-चार वर्षं टिकला आहे, तिला शोधा. तिच्याकडे दोन दिवस जा. तिनं भाव कसा ठरवला, माल कुठून घेतला, पहिल्या वर्षी काय बुडालं, ते विचारा. तिला गटानं त्या दोन दिवसांचा मान म्हणून काही रक्कम द्यावी, फुकट राबवू नये.

आणि हक्काच्या जागाही आहेत. प्रत्येक जिल्ह्यासाठी बँकेनं चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. लोक तिला आरसेटी म्हणतात. तिथलं प्रशिक्षण मोफत असतं, राहणं-जेवणही मोफत. आणि प्रशिक्षण झाल्यावर दोन वर्षं पाठपुरावा करणं हे त्या संस्थेचं काम आहे. आपण प्रमाणपत्र घेऊन येतो आणि पुन्हा फोन करत नाही. फोन करा. विचारा, माझ्या धंद्याचं काय चाललंय ते बघायला कधी येताय? आपल्या तालुक्यात सगरोळीला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथं प्रक्रिया उद्योगाबद्दल, शेळीपालनाबद्दल चौकशी करा. खाण्याचा माल विकणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. छोट्या धंद्यासाठी नोंदणीचं शुल्क फार नसतं. पिशवीवर नोंदणी क्रमांक, वजन, भाव, तारीख असली की दुकानदारही माल ठेवतो.

गटाच्या बचतीतून भागत नसेल तर पुढची पायरी कोणती? उमेदच्या गटांना फिरता निधी मिळतो, ग्रामसंघाकडून समुदाय गुंतवणूक निधी मिळतो. महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे माविमच्या गटांना लोकसंचालित साधन केंद्राचा आधार असतो. माविमची स्थापना १९७५ सालची. बँक आणि बचत गट यांची जोडणी नाबार्डनं १९९२ साली ५०० गटांपासून सुरू केली. गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये आणि गटाचं बचत खातं अडवून धरू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उमेदच्या गटांना ३ लाखांपर्यंतचं बँक कर्ज वर्षाला ७ टक्क्यांनी मिळण्याची तरतूद आहे. मघाच्याच १२,००० रुपयांवर या दरानं वर्षाचं व्याज होतं ४५५ रुपये. गटात शेकडा दोननं १,५६० झाले होते, आठवतं ना? म्हणून बँकेचं स्वस्त कर्ज आणायचं, पण ते आणायला गटाच्या वह्या चोख लागतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत देवघेव, नियमित परतफेड आणि हिशोबाच्या पूर्ण वह्या ही पंचसूत्री त्यासाठीच आहे.

आता एक कडू बोल. दारात येऊन दहा मिनिटांत कर्ज देणाऱ्या खाजगी कंपन्या आपल्या गावांतही फिरतात. घाई असली की बाई तिकडे वळते. एकीचा हप्ता भरायला दुसरीचं घेते, दुसरीचा भरायला तिसरीचं. हे कुठवर जातं, ते मांजरेच्या पलीकडं घडून गेलं आहे. आज जिथं तेलंगण आहे, तिथं तेव्हा आंध्र प्रदेश होता. एकेका घरात चार-चार ठिकाणचं कर्ज, आठवड्याच्या वसुलीचा तगादा, बायांच्या आत्महत्या, असं झाल्यावर ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या सरकारला अशा कंपन्यांवर अध्यादेश काढावा लागला. नदीच्या अलीकडं आपण वेगळ्या नाही. आपल्या लेकी तिकडे दिल्या आहेत, तिकडच्या इकडे आल्या आहेत.

त्यानंतर नियम कडक होत गेले. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम लक्षात ठेवा. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. अशा छोट्या कर्जाला तारण घेता येत नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. एकूण खर्च किती, हे तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लिहून दिलं पाहिजे. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ-धमकी करता येत नाही. असं कुणी करत असेल तर आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या क्रमांकावर विचारा. पण त्याही आधी गटाला सांगा. लाज धरून एकटीनं सोसू नका.

यातूनच आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. दवाखान्याला, लेकीच्या बाळंतपणाला, लेकराच्या फीला कर्ज लागतं. ते मागण्यात काही कमीपणा नाही, आणि गटानं ते द्यावं. पण ते दवाखान्याचं म्हणूनच लिहा, धंद्याचं म्हणून लिहू नका. दवाखान्याचं म्हणून लिहिलं की गटाला कळतं, हिच्या घरात नवीन पैसा येणार नाही, हप्ता मजुरीतूनच येणार. मग हप्ता लहान ठेवता येतो, मुदत वाढवता येते. खोटं कारण लिहिलं की मोठा हप्ता बसतो आणि आजारपणातून उठलेली बाई दुसऱ्या दिवशी कामावर जाते.

तर पुढच्या बैठकीत एवढं करा. धंद्याचं कर्ज मागणाऱ्या प्रत्येकीला, मग ती अध्यक्ष असो की सचिव, हे सहा प्रश्न विचारा आणि उत्तरं ठरावाखाली लिहा.

पहिला: माल कुठून, काय भावानं घेणार?
दुसरा: विकत कोण घेणार? तीन गिऱ्हाइकांची नावं सांग.
तिसरा: सगळा खर्च आणि व्याज जाऊन तुझ्या कामाचे दिवसाला किती पडणार?
चौथा: पहिला पैसा कोणत्या महिन्यात हातात येणार?
पाचवा: आणखी कुठं हप्ता चालू आहे का?
सहावा: हे काम कुणाकडून शिकलीस, किंवा कुणाकडे शिकायला जाणार?

एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर कर्ज नाकारू नका. एक बैठक पुढं ढकला. तेवढ्या दिवसांत गटातल्या दोघींनी तिच्यासोबत बसावं, बाजारात जाऊन भाव काढावेत, वही मांडावी. कदाचित तिला दहा हजारांऐवजी चार हजारच पुरतील. कदाचित धंदा बदलावासा वाटेल. कदाचित दहाचे पंधरा लागतील आणि मग गटानं ग्रामसंघाकडे तिच्यासाठी शब्द टाकावा.

प्रश्न विचारले तर तिला वाईट वाटेल, असं मी सुरुवातीला म्हणाले. थोडं वाटेलही. म्हणून नियम सगळ्यांना सारखा ठेवा, आणि पहिला नंबर पदावर असलेल्या बाईचा लावा. तिनं सगळ्यांसमोर उत्तरं दिली की बाकीच्यांचा संकोच जातो.

कर्ज दिल्यावरही महिन्यातून एकदा त्या धंद्याची वही गटासमोर उघडा. वही म्हणजे फार काही नको. लेकराची अर्धी राहिलेली वही घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे आलेला पैसा, उजवीकडे गेलेला. घरात खाल्लेलं तिखटही 'गेलेलं' म्हणून लिहा. धंद्याचा पैसा वेगळ्या डब्यात ठेवा. घरखर्चाला त्यातून काढलात तर किती काढले ते लिहा. धंदा चालतोय की फक्त राबणं चाललंय, हे तीन महिन्यांत ती वहीच सांगेल.

ऊन वाढायला लागलं आहे. पापड लाटायला बसण्याआधी एकदा पेन हातात घ्या. तुमच्या गटात हे सहा प्रश्न विचारल्यावर काय झालं, कुठं अडलं, ते आपल्या केंद्रावर येऊन सांगा किंवा चिठ्ठी पाठवा. त्यावर आपण पुढं बोलू.